हनुवटीची कड

रत्नागिरीत राम आळीच्या टोकाला आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, माझं टेबल. पाटीवर वडिलांचं नाव, कॅमेऱ्यामागे वडील, आणि फोटो चांगला आला की शाबासकीही वडिलांनाच. पण गिऱ्हाईक जो चेहरा घरी घेऊन जायचं तो माझ्या हातून गेलेला असायचा. तालुक्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमवली असं मी म्हणायचे. लोक हसायचे. मी काही गंमत करत नव्हते.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. रंगीत फोटो धुवायला मुंबईला जायचे, म्हणून स्थळाला दाखवायचा फोटो आमच्याकडे अजून काळा-पांढराच निघे. तो काढला की निगेटिव्ह माझ्याकडे यायची. टेबलावर तिरकी लाकडी चौकट, चौकटीत काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार असतो. पेन्सिलीनं जिथे भरलं तिथे कागदावर उजळ येतं, सुरीनं जिथे खरवडलं तिथे काळं. डाग, वर्तुळं, सुरकुत्या पेन्सिलीनं भरायच्या. मुलीचा जबडा रुंद असला तर तिच्यामागे काळा पडदा लावायचा आणि मग निगेटिव्हवर जबड्याची कड सुरीनं हलक्या हातानं खरवडायची. खरवडलेला भाग पडद्याच्या काळ्यात मिसळतो आणि हनुवटी निमुळती होते. अर्ध्या तासाचं काम. पुढे कधी मुलाकडची मंडळी कुरकुरत यायची, की फोटोत मुलगी वेगळी होती. वडील म्हणायचे, "आम्ही फोटो देतो, मुलगी देत नाही."

माझ्या स्वतःच्या फोटोला मात्र मी कधी सुरी लावली नाही. दोन स्थळांनी मला नकार दिला, तिसऱ्याला मी दिला, आणि मग घरच्यांनी तो विषय सोडला. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या गणिताच्या सरांचं एकुलतं एक मूल माझ्याच वर्गात होतं. शाळेच्या पटावर मुलगा म्हणून नाव होतं आणि मीही तेव्हा 'तो'च म्हणायचे. आता तसं लिहायला हात धजत नाही, म्हणून पहिल्यापासून 'ती'च लिहिते. बाकीच्यांच्या तोंडी जे होतं ते तसंच ठेवते.

ती बोटीवर नोकरीला होती, परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजावर. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. शिमगा नुकताच होऊन गेला होता. दुपारी वडील जेवायला गेलेले असताना ती आली, पँट-शर्टात, मिशी साफ काढून, केस व्यवस्थित भांग पाडून, आणि म्हणाली, काळा पडदा लावून फोटो काढ. काळा पडदा पुरुषांसाठी कोणी मागत नसे. मला काय त्याचं, मी काढला. पैसे ठेवून जाईल असं वाटलं, तर ती माझ्यामागून सरळ आतल्या खोलीत आली आणि टेबलाकडे बघून म्हणाली, "मुलींना करतेस ना, ते मला कर. मला यात बाई दिसायला हवी."

"नमनाच्या खेळात गौळण व्हायचंय काय?" मी म्हटलं. "मग पावडर लाव. माझा वेळ कशाला घालवतोस?"

ती हसली नाही. स्टुलावर बसली आणि पुढचं इतक्या साध्या आवाजात बोलली, की जणू दुकानात पत्ता सांगतेय. "मी मुलगीच आहे गो. कळायला लागल्यापासून. बाहेरून दिसत नाही एवढंच."

माझ्या हातातली पेन्सिल पडली आणि टोक मोडलं. ते सुईसारखं टोक काढायला सँडपेपरवर मला दहा मिनिटं लागली होती. खरं सांगते, आधी मला त्या टोकाचाच राग आला, आणि मग बाकीचं डोक्यात शिरलं. मी तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षं ओळखत होते मी हिला. माझ्या वहीतून गणितं नाही, निबंध उतरवणारी ही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "कोणाला दाखवायचाय फोटो?"

"आहे एक," ती म्हणाली. "परवा येते."

दोन दिवस मी त्या निगेटिव्हवर बसले. पहिल्यांदा नाखुशीनं, मग इरेला पेटून. भुवयांच्या वर हाडाचा उंचवटा होता, त्याची सावली पेन्सिलीनं भरून काढली. कपाळ उंच होतं, केसांची रेघ सुरीनं खरवडून खाली आणली. कंठमण्याची सावली भरली. नाकाचा शेंडा थोडा काढला. शेवटी जबडा. कानाखाली त्याचा कोपरा होता, तो खरवडला, आणि तिथून हनुवटीपर्यंत कड घेत आले. उजवीकडे जरा जास्त गेली. जाऊ दे म्हटलं, मान वळवलेली आहे, खपून जाईल.

मग अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कागद द्रावणात टाकला. चेहरा हळूहळू वर आला. मला वाटलं होतं सोंग दिसेल. सोंगच दिसायला हवं होतं. पण ट्रेमधून माझ्याकडे एक अठ्ठावीस वर्षांची बाई बघत होती, थोडी थकलेली, आणि ती सरांच्या घरातली आहे हे कोणीही सांगितलं असतं. मी काही घातलं नव्हतं तिच्यात. नुसतं काढलं होतं. कागद जास्त वेळ राहून काळवंडला तेव्हा भानावर आले आणि दुसरा केला.

ती न्यायला आली. फोटो हातात घेतला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग म्हणाली, "हीच." आणि मग, खिशातल्या पाकिटात तो नीट ठेवत, "आता डॉक्टरला दाखवते."

"कसला डॉक्टर?"

मुंबईत एक डॉक्टर होता. अपघातात फुटलेले जबडे, भाजलेले चेहरे नीट करायचा. तिला एका परदेशी बंदरावर कळलं होतं, की तिकडे असा चेहरा बदलून देतात. तिकडचं परवडणारं नव्हतं. हा डॉक्टर आधी नाही म्हणाला होता. दोन सुट्ट्या ती त्याच्याकडे खेटे घालत होती, तेव्हा कुठे तो म्हणाला, की तुला काय हवंय ते तोंडानं सांगून मला कळत नाही, चित्र आण. कपाळाचं हाड तासायचं, जबडा तासायचा, हनुवटी कापून पुन्हा बसवायची.

ते चित्र म्हणजे माझा फोटो. मी काय मोजून खरवडलं होतं? पट्टी लावली होती? उजवीकडे जरा जास्त गेलं तर 'जाऊ दे' म्हटलं होतं. आणि आता कोणी त्या रेघेवर करवत धरणार होता. मी तिच्या खिशातून पाकीट ओढायला गेले. आम्ही दोघी त्या वीतभर खोलीत शाळेतल्या पोरींसारख्या झोंबलो, स्टूल आडवं झालं.

"हाड आहे ते," मी म्हटलं. "वेड लागलंय तुला? मी ब्लेडनं फिल्मवरचा थर काढलाय. मला काय कळतं कुठे शिरा आहेत, कुठे दात आहेत? मरशील."

तिनं स्टूल उभं केलं. "रोज सकाळी दाढी करते ना, तेव्हा आरशातला तो माणूस मेला तर बरं असं वाटतं मला. बोटीवर कठडा कमरेएवढाच असतो. दोनदा उभी राहून आले. तेव्हा मरण्याचं तू मला सांगू नकोस." मग म्हणाली, "बरी होऊन आले की आईला मीच सांगणार आहे. आधी तिला. तोपर्यंत तू गप्प राहा, एवढंच कर."

मी गप्प राहिले. ती गेली आणि मी वाट बघायला लागले. चैत्र गेला, आंबे संपले, पावसाळा आला. पत्र नाही. सर रस्त्यात दिसायचे, मी मान खाली घालायचे. त्यांच्याकडे पोस्टमन पत्र सरांच्याच हातात देई, हे त्यांच्या सगळ्या खालच्या आळीला ठाऊक होतं. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, पाकीट स्वतः फोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, सर स्टुडिओत आले. छत्री कोपऱ्यात ठेवली आणि माझ्यापुढे एक लहान फोटो ठेवला, बोटीवरच्या ओळखपत्राचा असतो तसा. "हा मोठा करून हवाय. बारा बाय पंधरा. हाराचा."

हाराचा फोटो म्हणजे काय ते आमच्या धंद्यात सांगावं लागत नाही. "सर, काय झालं?"

"बोटीवर गेला. तिकडेच सगळं उरकलं त्यांनी." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "मिशी जरा पुसट आलीय. ठळक कर."

बोटीवर. मला काय माहीत नव्हतं होय? बोटीवर नाही, डॉक्टरच्या टेबलावर. आणि माझ्या रेघेवर. मी ते ओरडून सांगणार होते, पण पावती फाडून दिली. सर छत्री विसरून गेले. वडिलांनी मागून नेऊन दिली.

गेलेल्या माणसाच्या फोटोला सुरी लावायची नाही असा वडिलांचा नियम होता. फक्त भरायचं, काढायचं काही नाही. मी नियम पाळला. मोठ्या केलेल्या फोटोवर बारीक कुंचल्यानं शाई घेऊन एकेक केस करत मिशी भरली. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती आणि जेवण जात नव्हतं, आणि आईला वाटत होतं मी वर्गमित्राच्या प्रेमात होते. वाटू दे म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

मी काकूंना भेटायला गेले. फोटो ओटीवरच्या भिंतीला लागला होता, चंदनी हार घालून. काकू त्याच्याखाली गहू निवडत बसल्या होत्या. रडल्या नाहीत. "मिशी छान काढलीस," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं धक्क्यानं बधिर झाल्यात. मी चपला घालून पळाले.

त्यानंतर मी सुरीला हात लावला नाही. रुंद जबड्याच्या मुली रुंदच राहू लागल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, वडील चिडले, म्हणाले, हिला काय झालंय देव जाणे. मी पेन्सिलीचं काम तेवढं करत होते.

थंडी पडायला लागली होती. सकाळी साडेअकराच्या सुमारास बाहेर कोणी बाई आली. वडील एका बारशाचे फोटो काढायला गेले होते, म्हणून मी पुढे गेले. फुलाफुलांची साधी साडी, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा किंचित सुजल्यासारखा. पासपोर्ट की पोस्टकार्ड, मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "स्वतःचंच काम ओळखलं नाहीस होय?"

आवाज तोच होता. हातातलं पावतीपुस्तक कुठे पडलं कळलं नाही. मी काउंटरच्या बाहेर आले आणि तिचा दंड घट्ट धरला, माणूस आहे का बघायला, आणि तोंडातून पहिलं वाक्य जे निघालं ते भांडणाचंच होतं.

"तू मेली होतीस."

"होय," ती म्हणाली. "आत्ताच घरी बघून आले."

मी तिला आत नेलं, पाणी दिलं. मग एकेक कळलं. डॉक्टरनं गणपतीच्या दिवसांतली तारीख दिली होती; ऑपरेशन आठ तास चाललं. जबड्याचं, हनुवटीचं तोंडाच्या आतून केलं आणि कपाळासाठी केसांतून कानापासून कानापर्यंत कापलं. तिनं दवाखान्यातून वडिलांच्या नावानं पत्र टाकलं, कारण आईच्या नावानं टाकून काही उपयोग नव्हता. सर मुंबईला आले. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली ती खाटेवर होती. ते दारात उभे राहिले, नर्सनं 'या ना' म्हटलं, आणि ते वळून निघून गेले. तिथून येऊन दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले होते. जिवंत मुलीला बघून आले आणि मला म्हणाले मिशी ठळक कर. आणि मी केली. हे कळल्यावर मला स्वतःच्या हातांचीच शिसारी आली.

"आणि आज?" मी विचारलं.

"दार आईनं उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, कोण पाहिजे? तिच्या डोक्यामागे भिंतीवर मी, हार घालून. मी म्हटलं, घर चुकलं. आणि इकडे आले." ती पदराच्या टोकाशी खेळत होती. "संध्याकाळची मुंबईची एसटी आहे. परत नाही यायची आता. आईची तब्येत तेवढी बघत जा."

मी तिचा चेहरा खिडकीच्या उजेडात धरला. माझी हनुवटी नव्हती ती. रुंद होती, आणि तिला शोभत होती. तिनं सांगितलं, की डॉक्टर माझा फोटो बघून हसला होता. एवढं काढलं तर ही जेवणार कशानं, असं त्यानं विचारलं होतं. इतके दिवस मी ज्या रेघेपायी अन्न सोडलं ती त्यानं बाजूला ठेवली होती. मला हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला, की काही केल्याशिवाय बसवेना.

मी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. पडदा काढून टाकला. फोटो काढला, धुतला, आणि कागद नीट वाळायच्या आत वर्तमानपत्रात घातला. "गाडीपर्यंत इथून हलायचं नाही," असं तिला बजावलं. चार वाजता सर मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जातात. सव्वाचारला मी खालच्या आळीत होते.

काकू मागच्या पडवीत होत्या. येताना ठरवलेली सगळी वाक्यं मी विसरले. वर्तमानपत्र उलगडलं आणि फोटो त्यांच्या हातात दिला. "काकू, ही सकाळी—"

"ओळखली मी," त्या म्हणाल्या.

काकू फोटो उजेडाकडे धरून बोलत होत्या. "दार उघडायच्या आधी चपला काढून ठेवल्या होत्या पायरीवर. एकावर एक, उलट्या. चालायला लागल्यापासून मी त्या सरळ करतेय गो."

"मग कोण पाहिजे असं का म्हणालात?"

"हे आत झोपाळ्यावर बसले होते." त्यांनी ओटीकडे बघितलंही नाही. "मेला असं मला कधी वाटलंच नव्हतं. हे सगळं रीतीनं करणारे. दहावं नाही, पिंड नाही, साधी आंघोळ केली नाही त्या दिवशी. मेला असता तर केलं असतं. जित्या माणसाचं पिंड पाडायला यांचा हात उचलला नाही. म्हणजे आहे कुठेतरी, एवढं मला कळलं. काय झालंय ते कळत नव्हतं. ते आज दारात कळलं."

एवढे महिने ही बाई त्या फोटोखाली गहू निवडत होती आणि सगळा गाव तिला धीर द्यायला येत होता. मीही त्यातलीच.

काकूंनी फोटोवर बोट ठेवलं. कानाखालून ते जबड्यावरून हळूहळू खाली आणलं, हनुवटीपर्यंत. "इथं कापलं?"

मी होय म्हटलं. तोंडाच्या आतून, आणि वर केसांतून, कानापासून कानापर्यंत. हाड तासलं म्हणून सांगितलं.

"दुखलं असेल ना गो तिला?"

फोटोत माझी रेघ किती चुकली ते मी विचारलं होतं, सर काय म्हणाले ते विचारलं होतं, गाडी किती वाजता ते विचारलं होतं. सकाळपासून ती माझ्यासमोर बसली होती आणि दुखलं का, हे मी तिला विचारलं नव्हतं. तसं मी काकूंना सांगितलं.

त्यांनी फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, पदराला हात पुसले आणि पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या. दार तसंच उघडं होतं.

"चल," म्हणाल्या. "मीच विचारते तिला."